गोठा आणि गोठणं



डेंग्यूने आपल्या घराघरांत एक शब्द आणून सोडला आहे, प्लेटलेट. पूर्वी हा शब्द आमच्या पुस्तकांत असायचा आणि परीक्षेपुरता बाहेर यायचा. आता पावसाळा सरत आला की भोपाळमध्ये अरेरा कॉलनीपासून कोलारपर्यंत फोनवर पहिला प्रश्न एकच असतो, ‘काउंट किती?’ पलीकडून ‘पंचेचाळीस’ आलं की उसासा, ‘नव्वद’ आलं की हायसं वाटणं. पुढचा ‘हजार’ कोणी उच्चारतही नाही, तो धरूनच चालायचा. मग पपईच्या पानांची शोधाशोध सुरू होते आणि शेजारच्या अंगणातलं झाड आठवड्याभरात बोडकं होतं.

मी जनावरांची डॉक्टर. माझे रुग्ण चार पायांचे, नाहीतर पंखांचे. त्यांच्याही रक्तात प्लेटलेट असतात, त्यांचंही रक्त गोठतं आणि कधीकधी गोठत नाही. आज त्याबद्दल बोलायचं आहे. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांना व्यासपीठावरून आपलं नाव घेतलेलं आवडत नसे. एकदा सत्काराच्या कार्यक्रमात ते मागच्या दाराने निघून गेल्याचं तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. म्हणून मी त्यांना नुसतं ‘सर’ म्हणणार आहे. आम्ही विद्यार्थी तेवढंच म्हणत होतो.

सरांची पहिली शिकवण मला वर्गात मिळाली नाही. सीहोरच्या बाजूच्या एका खेड्यात, भर पावसात मिळाली. मी नागपूरहून पदवी घेऊन नुकतीच इकडे आले होते. आदल्या दिवशीपर्यंत चरणारी एक गाय सकाळी मेलेली सापडली होती. लोक म्हणत होते, गलघोंटू. म्हणजे आपल्याकडचा घटसर्प. पोट फुगलं होतं, पाय पुरते ताठरले नव्हते. मी हातमोजे चढवले आणि शवविच्छेदनाची सुरी काढली. सर छत्री धरून दोन पावलं मागे उभे होते. त्यांनी विचारलं, ‘नाकाकडे बघितलंस?’

बघितलं. नाकपुडीतून डांबरासारखं काळपट रक्त ओघळलं होतं. मरून तास उलटले होते, तरी ते गोठलं नव्हतं.

‘सुरी आत ठेव,’ सर म्हणाले.

ती काळपुळी होती. अँथ्रॅक्स. कानाच्या शिरेतून थेंबभर रक्त घेऊन काचपट्टीवर पसरलं, मेथिलीन ब्लूने रंगवलं, आणि निळ्या दांड्यांभोवती गुलाबी कवच दिसलं. ते शव मी उघडलं असतं तर आतल्या जंतूंना हवा मिळाली असती, त्यांनी बीजाणू केले असते, आणि ते बीजाणू त्या मातीत कित्येक दशकं टिकले असते. खोल खड्डा, चुना, वर काटे, आणि गावकऱ्यांना ताकीद. सगळं उरकेपर्यंत संध्याकाळ झाली. परतताना जीपमध्ये सर एवढंच बोलले, ‘रक्त काय करतंय ते आधी बघायचं. मग ते तसं का करतंय ते विचारायला गोठ्यात जायचं. हे रक्ताला विचारून कळत नाही.’

त्या वाक्याचा अर्थ नीट कळायला मला तीस वर्षं लागली. आजचं व्याख्यान म्हणजे त्या वाक्याची फोड.

*

आधी रक्त काय करतं ते पाहू. उन्हाळी पिकाला पाणी देताना पाटाचा बांध फुटला तर शेतकरी काय करतो? हाताला लागतील ती ढेकळं भोकात कोंबतो. पाण्याचा जोर मोडतो. मग गवत, काटक्या, चिखल लिंपून ते पक्कं करतो. रक्तवाहिनी फुटली की शरीर हेच करतं. प्लेटलेट म्हणजे ती ढेकळं. आपल्या शास्त्रपुस्तकांत त्यांना रक्तपट्टिका किंवा बिंबाणू म्हणतात. त्या जखमेच्या कडेला चिकटतात, एकमेकींना हाका मारतात आणि गोळा होतात. त्यांच्यावरून फायब्रिन नावाच्या प्रथिनाचे धागे विणले जातात, तो चिखल-काटक्यांचा लिंपा. हे धागे विणायला रक्तात डझनभर प्रथिनं एकामागून एक जागी होतात. त्यांना आम्ही फॅक्टर म्हणतो आणि रोमन आकड्यांनी ओळखतो.

रंगवलेली काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरली की तांबड्या पेशींच्या गर्दीत हे जांभळट ठिपके दिसतात, पोह्यांत विखुरलेल्या मोहरीसारखे. माणसाच्या रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये, म्हणजे थेंबाच्याही अगदी लहानशा अंशात, दीड ते साडेचार लाख. कुत्र्यात साधारण दोन ते पाच लाख, घोड्यात माणसापेक्षा कमीच. केंद्रक नसलेल्या या पेशी खरं तर तुकडे आहेत. हाडांच्या मगजात मेगाकॅरिओसाइट नावाच्या अवाढव्य पेशी असतात, त्यांचेच हे कपटे. हे जेम्स होमर राइट यांनी १९०६ मध्ये दाखवून दिलं. पक्ष्यांचं मात्र वेगळं आहे. कोंबडीच्या रक्तात कपटे नसतात, केंद्रक असलेली सबंध पेशी हे काम करते. तिला थ्रॉम्बोसाइट म्हणतात. बेडकाचं आणि माशाचंही तसंच. कपट्यांवर भागवण्याची युक्ती सस्तन प्राण्यांची.

प्लेटलेटचं काम काय, हे प्रथम कुठे दिसलं? जनावरात. इटलीतल्या ट्युरिनचे जुलिओ बिझोझेरो यांनी गिनिपिगच्या आतड्याच्या पातळ पडद्यातल्या जिवंत, वाहत्या रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या, त्यांना इजा केली आणि पाहत बसले. जखमेपाशी सर्वांत आधी हे ठिपके येऊन चिकटतात, हे त्यांनी १८८२ मध्ये जगापुढे मांडलं. त्याआधी आठ वर्षं, १८७४ मध्ये, विल्यम ऑस्लर यांनी याच कणांचं वर्णन केलं होतं. ऑस्लर म्हणजे आधुनिक वैद्यकशिक्षणाचे भीष्माचार्य. ते मॉन्ट्रियलच्या पशुवैद्यक महाविद्यालयातही शिकवत असत. माझ्या मानवडॉक्टर मित्रांना हे सांगितलं की ते जरा गप्प होतात.

*

आता काचेच्या नळीची गोष्ट.

घोणस किंवा फुरसं चावलेला माणूस ग्रामीण दवाखान्यात येतो. तिथे यंत्र नसतं, तज्ज्ञ नसतो. पण एक तपासणी असते, तिला खर्च जवळजवळ शून्य. शिरेतून दोन मिलिलिटर रक्त काढायचं, स्वच्छ कोरड्या काचेच्या नळीत घालायचं, नळी हलवायची नाही, वीस मिनिटं थांबायचं. मग अलगद तिरपी करायची. रक्त जेलीसारखं जागच्या जागी राहिलं तर ठीक. पाण्यासारखं ओघळलं तर विषाने गोठण्याची सगळी सामग्री संपवून टाकली आहे, प्रतिविष लगेच सुरू करायचं. घोणसीच्या विषात दहाव्या आणि पाचव्या फॅक्टरला थेट चेतवणारे घटक असतात. शरीरभर इतके बारीक धागे एकदम विणले जातात की सूतच संपतं. गोठून गोठून गोठणं संपतं, आणि मग हिरड्यांतून, लघवीतून रक्त जायला लागतं. हेच विष अत्यल्प प्रमाणात हिमोफिलियाच्या रुग्णाच्या जखमेवर लावलं तर रक्त थांबतं, हे इंग्लंडमध्ये मॅक्फार्लेन आणि बार्नेट यांनी १९३४ मध्ये दाखवलं. आणि या विषावरचा उतारा कुठून येतो? घोड्याच्या रक्तातून. मुंबईच्या हाफकिन संस्थेत घोड्यांना थोडं थोडं विष टोचून ते प्रतिविष तयार केलं गेलं. आजही भारतातलं सर्पविषावरचं औषध घोड्याच्याच जिवावर चालतं.

नळी काचेचीच हवी, प्लॅस्टिकची चालत नाही. साबणाने विसळलेलीही चालत नाही. काचेच्या पृष्ठभागाचा स्पर्श होताच बारावा फॅक्टर जागा होतो आणि साखळी सुरू होते. प्लॅस्टिकला त्याचं सोयरसुतक नाही. निरोगी माणसाचं रक्तही प्लॅस्टिकच्या नळीत वेळ काढतं आणि डॉक्टरची फसगत होते.

हा बारावा फॅक्टर मोठा गमतीचा आहे. अमेरिकेत जॉन हेगमन नावाचा एक रेल्वे कामगार होता. शस्त्रक्रियेआधी तपासलं तर त्याचं रक्त नळीत गोठेना. सगळे घाबरले. पण त्याला आयुष्यात कधी रक्तस्रावाचा त्रास झालेला नव्हता. क्लीव्हलंडच्या ऑस्कर रॅटनॉफ यांनी १९५५ मध्ये शोधून काढलं की त्याच्यात एक फॅक्टरच नाही. तोच बारावा. हा हेगमन १९६८ मध्ये वारला तो अपघातानंतर फुफ्फुसात अडकलेल्या रक्ताच्या गुठळीने. ज्याचं रक्त नळीत गोठत नव्हतं तो माणूस रक्त गोठून गेला.

आता कोंबडीकडे या. कोंबडीत बारावा फॅक्टर नसतोच. देवमासे आणि डॉल्फिन यांच्यातही नाही. काही मांजरींत तो जन्मतः नसतो आणि त्या भिंतीवरून उड्या मारत सुखाने जगतात. कोंबडीचं रक्त काळजीपूर्वक, आसपासच्या ऊतींचा रस मिसळू न देता काढलं, तर काचेत बराच वेळ पातळ राहतं. पण तिची मान कापून पाहा, किंवा नको, पाहू नका. खाटकाला विचारा. जखमेवर ते चटकन गोठतं, कारण जखमी ऊतींकडून वेगळाच इशारा मिळतो. नळीतलं गोठणं आणि जिवातलं गोठणं या दोन गोष्टी आहेत. जनावरं डोळ्यांसमोर ठेवली असती तर हा धडा हेगमनच्या कितीतरी आधी मिळाला असता. आज त्याच धड्यावर गुठळी टाळणारी पण रक्तस्राव न वाढवणारी औषधं शोधली जात आहेत.

*

आता मी आजच्या विषयाच्या गाभ्याशी येते. एका पशुवैद्याची गोष्ट आहे, आणि ती गोठ्यात घडते.

१९२०च्या सुमारास कॅनडात आणि उत्तर अमेरिकेच्या मैदानी भागात गाईगुरं विचित्र रीतीने मरू लागली. किरकोळ जखम, आणि रक्त थांबेना. एका ठिकाणी २२ गाईंची शिंगं कापली, त्यातल्या २१ रक्त जाऊन मेल्या. २५ खोंड खच्ची केले, त्यातले १२ गेले. शेतकऱ्यांना वाटलं घटसर्प आला, किंवा फऱ्या. आपल्या शेतकऱ्यालाही तेच वाटलं असतं.

ओंटारियोच्या पशुवैद्यक महाविद्यालयात फ्रँक स्कोफिल्ड नावाचे रोगनिदानतज्ज्ञ होते. जन्म इंग्लंडचा, १८८९चा. तरुणपणी पोलिओ झालेला, काठी घेऊन चालत. त्याआधी चार वर्षं ते कोरियात जिवाणुशास्त्र शिकवत होते. १९१९ मध्ये जपानी राजवटीविरुद्ध तिथे स्वातंत्र्याचं आंदोलन उसळलं, तेव्हा या लंगड्या माणसाने जळलेल्या गावांची छायाचित्रं घेतली आणि ती जगापर्यंत पोचवली. कोरियन लोक आजही त्यांना आपला देशभक्त मानतात. १९७० मध्ये त्यांचं निधन सेऊलमध्येच झालं आणि तिथल्या राष्ट्रीय स्मशानभूमीत त्यांना जागा मिळाली. जे दिसतं ते जाऊन बघायचं आणि नोंदवायचं, ही या माणसाची सवयच असावी.

मेलेल्या गुरांत त्यांना घटसर्पाचे जंतू सापडेनात. मग त्यांनी गव्हाणीत पाहिलं. सगळी गुरं एकच चारा खात होती, स्वीट क्लोव्हर. आपल्या उत्तर भारतातल्या सेंजीची भावंडं, बरसीम आणि लसूणघासाच्याच घराण्यातली. वाळली की गोड वास येणारी. त्या वर्षांत पाऊस जास्त झाल्याने साठवलेल्या गंजीत बुरशी धरली होती. एरवी शेतकऱ्याने असा चारा टाकला असता, पण दिवस हलाखीचे होते.

स्कोफिल्डनी केलेला प्रयोग मी दरवर्षी विद्यार्थ्यांना सांगत आले, कारण त्याला यंत्र लागत नाही. एकाच गंजीतून त्यांनी चांगली ताटं वेगळी काढली आणि बुरसटलेली वेगळी. चांगली एका सशाला घातली, बुरसटलेली दुसऱ्याला. पहिला ससा ठणठणीत राहिला. दुसरा रक्तस्राव होऊन मेला. खात्रीसाठी दुसऱ्या गंजीतून पुन्हा तेच केलं, निकाल तोच. १९२२ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. खराब चारा काढून टाका आणि अंगात रक्त चढवा, एवढे दोन उपाय त्यांनी सांगितले आणि ते लागू पडले. पुढे नॉर्थ डाकोटाचे पशुवैद्य ली रॉडेरिक यांनी दाखवलं की अशा गुरांच्या रक्तात प्रोथ्रॉम्बिन हा गोठण्याचा घटक घटलेला असतो.

मग या गोष्टीत एक थंडीतला शनिवार येतो. फेब्रुवारी १९३३. एड कार्लसन नावाचा विस्कॉन्सिनचा शेतकरी हिमवादळातून १९० मैल गाडी हाकत मॅडिसनला आला. गाडीत मेलेली कालवड, दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त आणि पन्नासेक किलो बुरसटलेला चारा. त्याला राज्याच्या पशुवैद्याकडे जायचं होतं. शनिवार असल्याने कार्यालय बंद. जे दार उघडं दिसलं त्यात तो शिरला, आणि ती होती जीवरसायनज्ञ कार्ल पॉल लिंक यांची प्रयोगशाळा. लिंकनी त्या क्षणी जे सांगितलं ते स्कोफिल्डच्या पलीकडचं नव्हतं. चारा बंद कर, जमलं तर रक्त दे. तो बिचारा तसाच परत निघाला. पण लिंक आणि त्यांचे सहकारी त्या कॅनपाशी थांबले. सहा वर्षांनी, १९३९ मध्ये, त्या चाऱ्यातलं द्रव्य स्फटिकरूपात हाती आलं. डायकुमेरॉल. स्वीट क्लोव्हरला गोड वास देणारं कुमेरिन, बुरशी त्याचंच हे विष करते.

त्याच घराण्यातलं एक संयुग उंदीर मारण्यासाठी निवडलं गेलं, वॉर्फरिन. १९४८ मध्ये ते बाजारात आलं. आणि १९५४ मध्ये तेच माणसांसाठी औषध म्हणून मान्य झालं. पुढच्याच वर्षी हृदयविकाराचा झटका आलेले अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना ते देण्यात आलं. आज या सभागृहात कृत्रिम झडप बसवलेलं कोणी असेल, तर त्यांच्या उशाशी बहुधा हीच गोळी असते. तिच्या वंशावळीत एक बुरसटलेली गंज आहे, दोन ससे आहेत आणि काठी टेकत गोठ्यात गेलेला एक पशुवैद्य आहे.

वॉर्फरिन व्हिटॅमिन केच्या कामात खोडा घालतं. ते व्हिटॅमिन कुठे सापडलं? कोंबडीच्या पिल्लांत. कोपनहेगनच्या हेन्रिक डाम यांनी १९२९च्या सुमारास पिल्लांना स्निग्धविरहित खाणं दिलं, आणि ती कातडीखाली रक्त साकळून मरू लागली. गोठण्याला त्यांच्या भाषेत जो शब्द आहे त्याचं पहिलं अक्षर के. तेच नाव राहिलं. १९४३चं नोबेल त्यांना आणि एडवर्ड डॉइझी यांना मिळालं. आज भोपाळमध्ये एखाद्या कुत्र्याने उंदराच्या औषधाची वडी खाल्ली, तर पहिले दोन-तीन दिवस त्याला काहीच होत नाही आणि मालक निर्धास्त राहतो. अंगातले तयार फॅक्टर संपले की मग छातीत, सांध्यांत रक्त भरू लागतं. उपाय तोच, व्हिटॅमिन के, आणि ते कित्येक आठवडे.

*

आपल्याकडच्या उन्हाळ्यातली एक केस सांगते. मे महिना, भोपाळचा पारा ४४च्या घरात. एका कुटुंबाने चार वर्षांचा लॅब्राडोर आणला. नाकातून रक्त. घरच्या आजींचं निदान तयार होतं, ‘उन्हाने घोळणा फुटलाय.’ त्यांनी कांदा हुंगवला होता, डोक्यावर ओला पंचा ठेवला होता. कुत्रा बिचारा सगळं सोसून बसला होता. पोटाच्या कातडीवर मात्र टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके होते, आणि ते उन्हाने येत नाहीत.

यंत्राने काउंट दिला १८ हजार. मी यंत्रावर विसंबत नाही. मांजरीच्या रक्तात प्लेटलेट नळीतच एकमेकींना चिकटून बसतात आणि यंत्र त्या गठ्ठ्यांना मोजतच नाही, म्हणून धडधाकट मांजरीला ते मरणाच्या दारात बसवतं. ग्रेहाउंडमध्ये काउंट मुळातच कमी. कॅव्हेलियर स्पॅनियल जातीत प्लेटलेट थोड्या पण आकाराने थोराड असतात, आणि तो कुत्रा पूर्ण निरोगी असतो. म्हणून काचपट्टी. तेलाच्या भिंगाखाली एका क्षेत्रात दिसणारी एक प्लेटलेट म्हणजे ढोबळ मानाने पंधरा ते वीस हजार. मी दहा क्षेत्रं मोजली. बहुतेक क्षेत्रांत एक, काहींत एकही नाही. यंत्र या वेळी खरं बोललं होतं.

मग सरांचा प्रश्न मी विचारला, जरा फिरवून. ‘हा झोपतो कुठे?’ गच्चीवरच्या खोलीत, जुन्या गोणपाटावर. संध्याकाळी मी गेले. गोणपाट झटकलं तर काही निघालं नाही. भिंतीच्या भेगेत काडी घातली आणि एकावर एक रचलेले गोचीड बाहेर आले. तपकिरी कुत्रागोचीड जमिनीवर राहत नाही, भिंत चढून भेगांत बसतो. तो एर्लिकिया नावाचा जंतू सोडतो, जंतू पांढऱ्या पेशींत शिरतो आणि प्लेटलेट झपाट्याने नाहीशा होतात. १९३५ मध्ये अल्जेरियात हा रोग प्रथम ओळखला गेला. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेची बरीच लष्करी कुत्री याच रोगाने रक्तस्राव होऊन मेली, तेव्हा कुठे जगाने त्याकडे नीट लक्ष दिलं. औषध साधं आहे, डॉक्सिसायक्लिन, चार आठवडे. पण भेगा बुजवल्या नाहीत तर पुढच्या उन्हाळ्यात तोच कुत्रा तसाच परत येतो. त्या घरच्यांनी भेगा सिमेंटने भरल्या. आजींनी जाताना विचारलं, ‘म्हणजे कांद्याचा काहीच उपयोग नाही?’ मी म्हटलं, ‘आजी, कुत्र्याला कांदा बाधतो, त्याच्या तांबड्या पेशी फुटतात. हुंगवलात तेवढं ठीक, खायला घालू नका.’

*

आता आपल्या शहराकडे. रायसेन रस्त्यावरच्या आनंदनगरजवळ एक प्रयोगशाळा आहे. भोपाळमधल्या अनेकांना ती माहीत नाही, पण महाराष्ट्रातल्या पोल्ट्रीवाल्यांना तिचं नाव पाठ आहे. आधी बरेलीच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेचा भाग, २०१४ पासून स्वतंत्र, राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्था. तिथल्या अतिसुरक्षित भागात हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवतात, म्हणजे फट असली तरी हवा आत जाईल, बाहेर येणार नाही. माणूस बाहेर पडताना कपडे आतच ठेवून अंघोळ करून येतो. सांडपाणीसुद्धा निर्जंतुक केल्याशिवाय बाहेर पडत नाही.

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला कोंबड्या पटापट मरू लागल्या. सुरुवातीला बरेच जण म्हणत होते, राणीखेत रोग असेल. नमुने भोपाळला आले. १८ फेब्रुवारीला जाहीर झालं, एच५एन१. भारतातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक. लाखांनी कोंबड्या मारून पुरल्या गेल्या. नवापूरचे ते दिवस ज्यांनी पाहिले त्यांना तो वास अजून आठवतो. २०२१च्या जानेवारीत परभणीच्या मुरुंब्यातल्या कोंबड्यांचे नमुने इथेच तपासले गेले, त्याच सुमारास इंदूरच्या मेलेल्या कावळ्यांचेही. २०१९ मध्ये ओडिशातल्या गुरांचा लम्पी, २०२० मध्ये आसामच्या डुकरांचा आफ्रिकन स्वाइन फीवर, भारतात हे रोग आल्याचं शिक्कामोर्तब याच इमारतीत झालं.

बर्ड फ्लूचा इथे काय संबंध, असं कोणी म्हणेल. संबंध रक्ताचा आहे. साध्या फ्लूचा विषाणू कोंबडीच्या श्वासनलिकेत आणि आतड्यात थांबतो, कारण त्याचं कुलूप उघडणारी किल्ली तिथेच असते. या जहाल जातीच्या विषाणूचं कुलूप मात्र जवळजवळ प्रत्येक पेशीत असलेल्या किल्लीने उघडतं. तो रक्तवाहिन्यांच्या अस्तरात शिरतो. अस्तर फाटतं, गोठण्याची यंत्रणा शरीरभर एकाच वेळी सुटते, थ्रॉम्बोसाइट आणि फायब्रिन संपतात. घोणसीच्या विषात जे घडतं त्याचीच ही दुसरी वाट. म्हणून तुरा निळा पडतो, पायांच्या खवल्यांखाली रक्त साकळतं, आणि संध्याकाळी दाणे टिपणारी कोंबडी सकाळी निपचित सापडते. बदकांच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरात हा विषाणू सहसा तसा शिरत नाही. म्हणून कित्येक रानबदकं तो अंगात घेऊन पोहत राहतात आणि तळ्यातळ्यांवरून पुढे नेतात. आपला मोठा तलाव हिवाळ्यात पाहुण्या पक्ष्यांनी भरतो, तेव्हा मला त्यांचं कौतुकही वाटतं आणि मी जवळच्या कुक्कुटपालकांना फोनही करते.

*

समारोपाकडे येते. भाषाशास्त्रज्ञांनी रागावू नये, पण गोठा आणि गोठणं हे दोन शब्द आपल्या भाषेत शेजारी शेजारी बसलेत याची मला फार गंमत वाटते. कोकणात तर गुरं विसाव्याला जमतात त्या जागेला गोठणच म्हणतात. मी आज सांगितलेल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीत रक्त जनावराचं किंवा माणसाचं वाहिलं, आणि कारण रक्ताबाहेर निघालं. गव्हाणीतली बुरशी, भिंतीची भेग, उंबऱ्याजवळ पडलेली उंदराची वडी, तळ्यावरचं बदक. आमचे रुग्ण बोलत नाहीत. कुठे दुखतं, काय खाल्लं, कधीपासून, यातलं काही सांगत नाहीत. म्हणून पशुवैद्याला गोठा वाचायची सवय लागते. ती सवय आमच्या हुशारीची नाही, गरजेची आहे. आणि माणसांच्या वैद्यकाने आमच्याकडून घेतलेली बरीच औषधं या गरजेतून आली आहेत.

पण आजची तरुण पिढी अडचणीत आहे. बंद खोलीत काम करणारा, अंघोळ करून बाहेर पडणारा संशोधक गोठा पाहू शकत नाही. त्याच्यापुढे येते एक बर्फात ठेवलेली नळी आणि तिच्यासोबत एक कागद. त्या कागदावर एक रकाना असतो, ‘इतिहास’. किती जनावरं, चारा कोणता, पाणी कुठलं, आसपास पक्षी होते का, आधी काय दिलं. मी नोकरीच्या शेवटच्या वर्षांत असे शेकडो कागद पाहिले. निम्म्यांवर तो रकाना कोरा असायचा, उरलेल्यांवर दोन शब्द, ‘अचानक मृत्यू’.

सरांनी आयुष्यात फार निबंध लिहिले नाहीत. पण त्यांनी पाठवलेल्या नमुन्यांबरोबरचे कागद मी जपून ठेवले आहेत. रकान्यात जागा पुरली नाही की ते मागच्या बाजूला लिहीत, आणि तरी उरलं तर समासात उभं. त्यातल्या एका कागदावर चाऱ्याच्या ओळीखाली त्यांनी कंसात लिहिलं आहे, ‘वास घेतला, गोड’.

आज सभागृहात पशुवैद्यक शिकणारी काही मुलंमुली आहेत. तुम्हाला एवढंच सांगायचं आहे, तो रकाना भरून पाठवत जा.